झाकणावरची सही

सहा वर्षं मी एकच वाक्य ऐकत होते: "अनुभव असेल तर या." अरे, कोणी कामावरच घेतलं नाही तर अनुभव काय घरच्या बादलीत घेऊ? समुद्राखाली काम करणारे रोबो दुरुस्त करायचा कोर्स केला. आईने प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं, आणि त्याच भिंतीखाली बसून मी लोकांची वॉशिंग मशीन खोलत राहिले. कंपन्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे तेच, पाण्यातले तास दाखवा.

सगळ्यात जास्त राग यायचा मामाचा. आईचा सख्खा भाऊ, बावीस वर्षं जहाजांवर हेच काम करतोय. त्याने एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं. पण दरवेळी आपलं "बघू गं, जागा निघाली की सांगतो." आणि या वर्षी अचानक त्याचा फोन. "बॅग भर. माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून नाव दिलंय तुझं." आई रडली. मी मागची सहा वर्षं तिथल्या तिथे माफ करून टाकली.

मुदत अठ्ठावीस दिवसांची. ट्रेनीला एक वही देतात. त्यात कामांची यादी असते आणि प्रत्येक कामासमोर सीनियरची सही लागते. वही भरली तर नोकरी पक्की. एक ओळ जरी रिकामी राहिली तरी जहाजावरून खाली उतरायचं आणि पुन्हा वॉशिंग मशीन.

मामा शिकवायचा मात्र छान. रबरी रिंग कशी तपासायची, तर डोळे मिटून दोन बोटांतून फिरवायची. "डोळे फसवतात, बोटं नाही," पिकलेलं डोकं हलवत म्हणायचा. मीटरवरचे आकडे, वायरींवरची बारीक अक्षरं तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. "वाचा बाईसाहेब, सवय होऊ दे." मी शाळेतल्यासारखी घडाघडा वाचायचे आणि मनात म्हणायचे, काय नशीब काढलंय, असा गुरू कोणाला मिळतो!

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आम्ही रोबोचा मुख्य डबा बंद करत होतो. रोबो छोट्या टेम्पोएवढा, पण त्याची अक्कल सगळी या हातभर लांब डब्यात. झाकणाला एकच रबरी रिंग. तिच्यावर वाळूचा कण, धागा, काहीही राहिलं तर खोलवर पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून जहाजावरचा नियम असा की जो झाकण लावेल त्यानेच त्यावर पांढरी टेप चिकटवायची आणि सही करायची. ती सही म्हणजे, रिंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मी रिंग पुसायला घेतली आणि तेवढ्यात आमच्या सुपरवायझरने केबल बघायला हाक मारली. त्याला सगळे पाठीमागे हेडमास्तर म्हणतात, आणि तो आहेही तसाच. वीस मिनिटांनी परत आले तर झाकण बसलेलं, बोल्ट आवळलेले.

"डब्यातली हवा खेचून गळती बघितलीस?" मी मामाला विचारलं.

"बघितली. काटा जागचा हलला नाही. टेपवर तूच कर सही. काम तुझ्या नावावर लागेल."

नाही म्हणायला हवं होतं. मला कळत होतं, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण वहीत तीनच ओळी रिकाम्या होत्या आणि ही त्यातली एक. मी सही केली. वर चांगली वळणदार केली.

सहाशे मीटरवर लाल दिवा लागला. डब्यात पाणी. मग एकेक करून सगळे स्क्रीन काळे झाले. मेलेला रोबो केबलने ओढून वर आणायला दोन तास लागले. डबा मीच उघडला. खारं पाणी भसाभस बुटांवर आलं. रिंगवर एक केस आडवा चिकटला होता, बोटाच्या पेराएवढा आणि पांढरा. माझे केस काळे, लांब, टोपीत बांधलेले. मी तो टिशूत गुंडाळून खिशात ठेवला. का ठेवला, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

हेडमास्तरने आम्हा दोघांना, जिथून रोबो चालवतात त्या कंट्रोलच्या कंटेनरमध्ये बोलावलं. "सही कोणाची?"

"माझी."

"झाकण तू लावलंस?"

मी मामाकडे बघितलं. बोल ना रे, एवढंच मनात. तो आपले तळहात न्याहाळत बसला होता.

"ट्रेनी आहे," शेवटी म्हणाला. "शिकतेय. माझंच लक्ष कमी पडलं."

वा! काय मोठं मन! एका वाक्यात मला बुडवलं आणि वर स्वतः चांगला ठरला.

"उद्याच्या बोटीने उतर," हेडमास्तर मला म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सहा वर्षं नाही आणि याच वर्षी का. त्याला भाचीला नोकरी लावायची नव्हती, त्याला दोन डोळे हवे होते. मी केस टेबलावर ठेवला आणि शेजारी नव्या रिंगचं पाकीट सरकवलं.

"मामा, यावरचा नंबर वाच."

"हा काय पोरखेळ?"

"वाच ना. एवढं मोठं छापलंय."

त्याने पाकीट लांब धरलं, जवळ घेतलं, मान तिरकी केली. "चष्मा केबिनमध्ये राहिला."

"डोळ्यांवर आहे," मी म्हणाले. पाकीट त्याने उलटं धरलं होतं.

हेडमास्तरचा आवाज एकदम खाली आला. "कधीपासून?"

"दीड वर्ष. मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं." मामा ओशाळं हसला. "डोळे तपासणीचा तक्ता पाठ आहे मला."

दुसऱ्या दिवशीची बोट मामाची ठरली. मला हेडमास्तरने असं फैलावर घेतलं की सात पिढ्या आठवल्या, पण ठेवलं. मुदत संपेपर्यंत दुसरा माणूस मिळणार नव्हता. "वही भरली असेल तर नोकरी," तो म्हणाला. "नवा सीनियर पुढच्या महिन्यात येईल. तोवर सह्या कोण करणार, ते तुझं तू बघ."

केबिनमध्ये मामा चाचपडत बॅग भरत होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे चाचपडणं उघड होतं.

"मला बुडवायला निघाला होतास," मी म्हणाले. मला रडू फुटलं, आणि त्याचाही राग आला.

"हो," तो म्हणाला. "तुला घरी मशीन दुरुस्तीचं काम होतं गं. मला याशिवाय काय येतं?"

त्याला शिव्या घालाव्यात की त्याच्या शर्टांच्या घड्या करून द्याव्यात, तेच कळेना. मी घड्या केल्या.

"वही आण," तो म्हणाला. "उद्यापर्यंत सीनियर मीच आहे."

त्याने पेन उघडलं आणि पानावर अधांतरी धरलं. "कुठे?"

मी त्याचं मनगट धरून पेन ओळीवर टेकवलं. पहिली दोन कामं मी खरोखर केली होती, चांगली केली होती. तिसरी ओळ होती, मुख्य डब्याचं झाकण स्वतंत्रपणे बंद करणे. ते मी आयुष्यात एकदाही केलं नव्हतं.

"झाल्या का?" मामाने विचारलं. त्याची नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती.

मी त्याचा हात एक ओळ खाली सरकवला. "अजून एक," म्हटलं.

त्याने कसली ते विचारलं नाही. सही केली.