आलेख उलटा केला तेव्हा

ऑफिसात त्याला सगळे रेघोट्या म्हणत. चलन निर्देशांकाच्या आलेखावर रेघा मारायच्या आणि तो चढेल की घसरेल ते सकाळच्या टिपणात लिहायचं, हेच त्याचं काम. पण गेले तीन आठवडे त्याचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं.

कारण होती ताई. भाचीला परदेशी कॉलेजात जागा मिळाली होती. फी तिथल्या चलनात भरायची होती आणि मुदत येत्या शुक्रवारची. रेघोट्या ज्याचा आलेख रोज बघायचा तेच हे चलन, आणि ते महिनोन्महिने महागच होत चाललं होतं. "आत्ताच बदलून घेऊ का रे?" ताईने विचारलं होतं. रेघोट्याने छाती पुढे काढून सांगितलं, "थांब गं. आता वळणारच आहे."

अगदीच हवेत बोलत नव्हता तो. आलेखात मधे डोकं आणि दोन बाजूंना दोन खांदे असा आकार उमटत होता. त्याखाली गळ्याची रेघ. निर्देशांक दिवसअखेर त्या रेघेखाली बंद झाला की चढण संपली, असं या धंद्यात मानतात. पण तो मेला रोज रेघेपर्यंत यायचा आणि टुणकन वर जायचा. रेघोट्या चहा अर्धा टाकून उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. घरी बायको म्हणाली, "निदान ताटात तरी रेघा ओढू नका."

बुधवारी दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "उलटा करून बघितलात का हो?"

ही त्याचीच शिकवण. आपल्याला दिसतंय ते खरंच आहे की हवंय म्हणून दिसतंय, हे तपासायला आलेख पडद्यावर उलटा करायचा. नव्या माणसाला तो हे पहिल्याच दिवशी सांगायचा. तीन आठवड्यांत स्वतः मात्र एकदाही केलं नव्हतं.

त्याने उलटा केला. समोर सरळसरळ पडत चाललेला आलेख होता. हा आता वर वळणार असं कुणी म्हटलं असतं, तर रेघोट्याने त्याला वेड्यात काढलं असतं. मग त्याने आपली जुनी टिपणं उघडली. गळ्याची रेघ त्याने तीनदा सरकवली होती, दर वेळी थोडी वर, तुटायला सोपी जावी म्हणून. भाचीच्या जागेशी तो खेळत बसला होता.

त्याने ताईला फोन लावला. "ताई, वळेल की नाही, मला माहीत नाही. मी उगाच ठाम बोललो."

 ताई "बरं" म्हणाली आणि त्याच दुपारी फी भरून मोकळी झाली.

गुरुवारी निर्देशांक रेघ तोडून घसरला. सरकवलेली नव्हे, अगदी पहिली रेघ. आणि खालीच बंद झाला. साहेब हसत आले, "काय रे रेघोट्या, तीन आठवडे बोंबललास आणि आजच्याच टिपणात 'माहीत नाही' लिहून शेपूट घातलंस?" त्याला हसूही येईना. त्याने ताईला फोन केला.

"एक दिवस थांबली असतीस तर फी स्वस्तात पडली असती," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"ऐक," ताई म्हणाली. "या तीन आठवड्यांत पाच वेळा मी तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. पुन्हा विचारलं तर भावावर भरवसा नाही असं तुला वाटेल, म्हणून. रात्र रात्र डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. काल तू माहीत नाही म्हणालास, तेव्हा कुठे मला माझं ठरवता आलं."

रेघोट्या अजून आलेखाकडेच बघत होता.

"आता तो पडदा बंद कर," ताई म्हणाली, "आणि जेवायला ये. पोरगी जायच्या आधी मामाला भेटायचं म्हणतेय, आणि मामा तीन आठवडे फिरकलेला नाही."

त्याने पडदा बंद केला.