खोबरेल लावलेला जांबवान

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. हसू नका, मित्रांनो! दिसायला मी काही देखणी नाही. तळहाताएवढी काळी डबी, एका कोपऱ्यात पोचा, बाजूला वायर खोचायची खाच. पण माझ्या पोटात आख्खा समुद्र आहे, आणि त्यावरून उडी घेणारा मारुतीसुद्धा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते उरणजवळचं गाव आणि प्राप्तीचं टेबल. प्राप्ती मिठागरवाल्यांची नात. ती कॉम्प्युटरवर हलती चित्रं काढायला शिकली आणि तिने रामायणातलं मारुतीचं उड्डाण करायला घेतलं. नोकरी सांभाळून तीन वर्षं ती चित्रं काढत होती आणि माझ्या हवाली करत होती. लंकेपुढचा समुद्र म्हणून तिने आपलीच खाडी काढली: चिखल, तिवरं, लांबवर बंदराच्या क्रेन. तिची वानरं डोक्यावर मिठाची पाटी घेतलेल्या बायांसारखी ठसक्यात चालायची. आणि मारुतीला त्याच्या बळाची आठवण करून देणारा म्हातारा जांबवान बोलायचा तिच्या नामाआजोबांच्या आवाजात. काय आवाज होता! एका बांधावरून हाक मारली की पलीकडच्या बांधावरचा माणूस दचकायचा.

तो आवाज माझ्यात भरला आणि दोनच महिन्यांत आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ जड झाली. लोक "काय? काय?" करायला लागले, तसं त्यांनी बोलणंच सोडून दिलं. तो आवाज आता फक्त माझ्याकडे उरला. लॅपटॉप भरला म्हणून प्राप्तीने तिथलं सगळं पुसलं होतं. वेडी पोर! दुसरी प्रत कुठेच नव्हती. मला मात्र त्याचा भारी ताठा चढला होता, खोटं कशाला बोलू?

आमच्या गावात मिठाची शेवटची रास झाकली की मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांचं जेवण असतं. यंदा त्या संध्याकाळी तिथे पडदा लावून प्राप्तीचा मारुती दाखवायचा ठरलं. त्याच सकाळी प्राप्तीची गोदूआजी कोयते, कुदळी, पहारी अंगणात मांडून बसली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून पावसाआधी प्रत्येक लोखंडी वस्तूला तेल लावून चिंधीत गुंडाळायची, ही तिची जन्माची सवय. तिची नजर टेबलावर माझ्याकडे गेली. झालं! बोट भरून खोबरेल माझ्या अंगाला चोपडलं, खाचेतही नीट घातलं, आणि मला लुगड्याच्या चिंधीत बांधून ठेवलं. अगदी मायेने हो.

दुपारी प्राप्तीने मला जोडलं, तर लॅपटॉप मला ओळखेचना. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आजी, याला काय केलंस?"

"तेल लावला. लोखंड हाय ना त्यान? गंजला असता."

"अगं, आजोबांचा आवाज आहे त्यात! तेवढाच उरलाय!"

आजी त्याच चिंधीने माझं तेल पुसायला लागली. "मीच पुसला गो त्यांचा आवाज," एवढंच पुटपुटत राहिली. पडवीत आजोबा ऐकत होते. माझा सगळा ताठा उतरला. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

प्राप्तीने स्कूटरवरून मला बाजारात निकेशकडे नेलं. तो मोबाइल दुरुस्त करतो. त्याने मला नाकाशी धरलं. "खोबरेल? ही काय वेणी घालणार हाय?" पण प्राप्तीचा चेहरा बघितला आणि कामाला लागला. मऊ ब्रशने, स्पिरिटने माझी खाच पुसत बसला. जोडलं, काही नाही. परत पुसलं, काही नाही. तिसऱ्यांदा माझा निळा दिवा लागला.

"तेल खाचेतच राहिलंय, आत नाय गेलं. नशीब समज."

प्राप्ती तिथेच रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

तिन्हीसांजेला पडदा उजळला. खाडीमागच्या क्रेन बघून गाव खो खो हसलं. मग किनाऱ्यावर खाली मान घालून बसलेला मारुती दिसला आणि जांबवानाचा आवाज घुमला, "ऊठ रं पोरा! उडी तुज्या पायांत हाय, तूच इसरलास!"

खुर्चीतल्या आजोबांनी मांडीवर थाप मारली आणि जड जिभेने पडद्याला साथ दिली, "ऊ... ऊठ रं..."

"बोलला! म्हातारा बोलला!" गोदूआजी ओरडली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्राप्तीने माझ्या तीन प्रती केल्या. आता मी एकुलती एक नाही, पण खरं सांगते, फार हलकं वाटतं. मित्रांनो, जिवापाड जपायचं ते एकाच डबीत कोंडू नका. आणि कुणाची जीभ जड झाली असेल, तर "काय? काय?" करून त्याला गप्प बसवू नका. थोडं थांबा, कान द्या.

आजोबा आता रोज पडवीतून हाक मारतात. शब्द वाकडेतिकडे येतात, पण येतात. आणि गोदूआजी हातातलं काम टाकून आतून म्हणते, "ऐकला, ऐकला! आली बघा!"