ऑप्शनला टाकलेला धडा

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. व्यापारी कायद्याचं, कॉलेजात पहिल्यांदाच कायदा शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं. गोड बोलायची सवय मला नाही आणि आता लावूनही घ्यायची नाही.

छापखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, लोक आपल्याला वाचतील. वाचतात डोंबल! माझा पहिला मालक पिंपळे गुरवचा रविराज. परीक्षेला आठवडा उरला तेव्हा त्यानं मला उघडलं आणि ‘मुक्त संमती’ या धड्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून लिहिलं, ‘ऑप्शनला’. म्हणजे हा धडा करायचाच नाही, प्रश्न आला तर सोडून द्यायचा. अहो, धाक घालून, भुलवून किंवा खोटं सांगून घेतलेल्या सहीचं काय होतं, ते त्याच धड्यात लिहिलं आहे. पास झाल्यावर त्यानं मला डांगे चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेऊन टाकलं.

तिथून मला थेरगावच्या पूनमनं घेतलं. पोरगी हुशार, नीटनेटकी. मला खाकी कव्हर घातलं, वर नाव लिहिलं. पण रविराजचा तो एक शब्द तिनं वेदवाक्य मानला आणि तिनंही तो धडा सोडला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तिचे मामा सोपानराव आले. चऱ्होलीला वडिलोपार्जित जमीन होती आणि तिच्यात पूनमच्या आईचा, शालनबाईंचा, भावाइतकाच हिस्सा होता. “चऱ्होलीत माझंबी हाय थोडं,” असं त्या शेजारणींना अधूनमधून सांगायच्या.

सोपानरावांनी टेबलावर एक साडी ठेवली आणि तिच्याशेजारी कागद. “शाले, सातबाऱ्यावर समद्यांची नावं नीट लावायची हायत. तुझी तेवढी सही पायजे.”

शालनबाईंनी कागद लेकीपुढं सरकवले. “तू कायद्याचं शिकतीस. वाच बरं काय हाय ते.”

पूनमनं चारदोन ओळी वाचल्या. गावाचं नाव, गट नंबर. “आई, मामाच आहेत ना? कर सही. माझा उद्या पेपर आहे.”

कागद तिनं माझ्याच अंगावर ठेवले होते. ‘मी माझा हक्क कायमचा सोडत आहे’ हे वाक्य दुसऱ्या पानावर होतं. मी बघत राहिलो. बोलता येत असतं तर त्या दिवशी ओरडलो असतो.

पुढचं मी घरात ऐकलं. त्याच दुपारी रजिस्टर ऑफिसात साहेबानं विचारलं, “स्वखुशीनं करताय ना?” शालनबाई म्हणाल्या, “व्हय, खुशीनंच.” भावानं साडी आणली होती, त्या खूश होत्याच.

पेपरात नेमका त्याच धड्यावर प्रश्न आला. पूनमनं तो सोडला, तरी पहिला वर्ग मिळाला. घरात पेढे वाटले.

दोन महिन्यांनी त्या जमिनीवर बिल्डरच्या टॉवरचा बोर्ड लागला. पूनमनं मोबाइलवर सातबारा काढला, तर आईचं नाव कुठंच नव्हतं. तेव्हा कुठं तिनं तो धडा उघडला आणि मोठ्यानं वाचला.

“आई, फसवून घेतलेली सही रद्द करून मागता येते. आपण वकिलाकडं जाऊ.”

“आन् मंग माहेर?” शालनबाई म्हणाल्या. “भावाला कोर्टात उभं केल्यावर दिवाळीला कुणाच्या दारात जाऊ? जमीन गेली ती गेली. माहेर न्हाई घालवायचं मला.”

माझ्यात तीनशे पानं आहेत. यावर त्यांत एक ओळ नाही. मला सोपानरावांचा राग आला, रविराजचा आला, पूनमचा आला आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला. ती साडी शालनबाईंनी अजून नेसलेली नाही.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, माझी पूजा तर मुळीच करू नका. घरात कागद आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणणारा कितीही सख्खा असो.

काल पूनमनं मला शेजारच्या करिष्माला दिलं. देण्याआधी रविराजचा तो शब्द तिनं खोडरबरानं घासून काढला, पण कागदावर त्याचा वळ राहिला आहे. करिष्मानं तो लगेच हेरला.

“ताई, हा धडा परीक्षेला येतो का गं?”

“परीक्षेचं माहीत नाही,” पूनम म्हणाली. “घरी येतो.”