मिटलेला फाळ

आमच्या शेडच्या भिंतीवर शर्टांच्या बावीस शेपट्या ठोकलेल्या आहेत. हरणावर बाण सोडला आणि नेम चुकला, की त्या माणसाच्या शर्टाचा मागचा खालचा तुकडा कात्रीने कापायचा आणि खिळ्याने भिंतीवर लावायचा, ही दक्षिण ओहायोच्या आमच्या डोंगराकडची रीत. खाली नाव आणि साल. माझ्या भावाच्या सहा आहेत. जावयाच्या, ग्रेडीच्या, चार. त्यातली एक चक्क लग्नातल्या शर्टाची, कारण तो गाढव चर्चमधून परस्पर रानात शिरला होता.

माझ्या नवऱ्याची, व्हर्लिनची, पन्नास वर्षांत एकच. ती गेल्या सालची. आणि ती कोणी हसत हसत कापली नव्हती. त्याने एकट्याने शेडमध्ये जाऊन स्वतःच कापली.

व्हर्लिनने आयुष्यभर साध्या धनुष्याने शिकार केली. मग कोठाराच्या छपरावरून पडला आणि उजवा खांदा कायमचा गेला. धनुष्य ताणता येईना. ग्रेडीने त्याला क्रॉसबो आणून दिला. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा खांद्याला टेकवायचा, चाप ओढायचा. दोरी ताणून दिली की लहान पोरही मारेल. व्हर्लिन आधी नाक मुरडत होता, पण दोन सीझनमध्ये दोन हरणं आणली आणि नाक सरळ झालं.

गेल्या साली ऑक्टोबरात त्याने एका हरिणीवर बाण सोडला. वीस पावलांवरून. घरी येऊन मला म्हणाला, "ऑर्फा, खांद्याच्या मागे चार बोटं. बरोबर बसला." अर्धा तास थांबून आम्ही माग काढायला गेलो. रक्ताचे थेंब होते, पण शिवणकाम करताना सुई टोचावी तेवढे. ओढ्यापर्यंत गेले आणि संपले. दोन दिवस शोधलं. व्हर्लिन गुडघ्यांवर बसून पानं उलटी करत होता. हरिणी मिळाली नाही, बाणही नाही.

त्यानंतर तो रानात गेलाच नाही.

मीही काही कमी नाही. नोव्हेंबरात चर्चमध्ये हरणाच्या मटणाची जेवणावळ असते. दरवर्षी मोठं पातेलं आमच्या घरचं. त्या वर्षी आमच्याकडून नुसता कोबी गेला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला कोणी असं बघितलेलं खपत नाही. मी मोठ्याने म्हटलं, "म्हाताऱ्याचा हात आता सुपाच्या चमच्यापुरताच राहिलाय." सगळं टेबल हसलं. व्हर्लिनही हसला. आणि त्याने चमचा खाली ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

हिवाळाभर खुर्चीत बसून तो आपल्या हाताकडे बघायचा. उलटा करायचा, सुलटा करायचा. दुसऱ्या कोणाचा हात चुकून आपल्याकडे आलाय असा. वसंतात टर्की पक्ष्यांच्या शिकारीला गेला नाही. उन्हाळ्यात भाजी लावली, पण वाफे वाकडे काढले आणि मी ओरडले तरी सरळ केले नाहीत. मी ओरडले आणि त्याने उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा मी खरी घाबरले.

सप्टेंबर लागला. सीझन सुरू व्हायला तीन आठवडे राहिले. मी ठरवलं, दोष हाताचा नाही, फाळाचा आहे. आणि ते त्याला दाखवून देणार.

बाणाच्या टोकाला जे पात्यांचं डोकं स्क्रूसारखं पिळून बसवतात, तो फाळ. आमच्याकडे फाळांवरून भाऊ भावाशी बोलेनासे होतात. एक पक्का फाळ: पाती उघडी, हलत नाहीत, आजोबांच्या काळापासूनचा. दुसरा मिटका: पाती दुमडलेली, एका बारीक रबराच्या कड्याने धरलेली. अंगात शिरताना ते रबर तुटतं आणि पाती छत्रीसारखी उघडतात. जखम मोठी, रक्त भरपूर, जनावर लवकर पडतं. उघडली तर. गेल्या साली व्हर्लिनने मिटका लावला होता, ग्रेडीने दिलेला.

मी सगळ्या तऱ्हेचे फाळ विकत आणले. होबर्ट खाटकाकडून गाईच्या खांद्याची दोन हाडं आणि ओलं कातडं आणलं. होबर्ट म्हणाला, "सूप करणार का?" मी म्हटलं, "तुझं करेन, जास्त विचारलंस तर."

व्हर्लिन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता, मुलगी त्याला घेऊन गेली होती. ग्रेडीला मी बोलावून घेतलं. तो आला आणि अंगणातलं टेबल, वाळूच्या पिशव्या, फोमचा ठोकळा, त्यावर ताणलेलं कातडं हे सगळं बघत उभाच राहिला.

"आई, काय चाललंय?"

"तुझ्या फाळांची परीक्षा. दोरी ताण."

"नेम तुम्ही धरणार?"

"मग काय तू धरणार? भिंतीवर चार आहेत तुझ्या."

गुपचूप दोरी ताणायला लागला.

आधी सरावाचं गोल टोक लावून मारलं, पंचवीस पावलांवरून. ठिपक्यावर बसलं. मग त्याच बाणाला पक्का फाळ लावला, तीन पात्यांचा. चार बोटं डावीकडे गेला. "वाऱ्याने," ग्रेडी म्हणाला. पान हलत नव्हतं. परत मारला, परत चार बोटं डावीकडे. म्हणजे पात्यांना हवा लागते आणि बाण वळतो, पण दरवेळी तेवढाच. हट्टी माणसासारखा. हट्टी माणसाचं मला काही वाटत नाही, तो कुठे जाणार ते ठाऊक असतं. क्रॉसबोवरच्या नेमाच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवला की झालं. तो फाळ गाईचं हाड फोडून पलीकडे गेला आणि पाती जशीच्या तशी. दुसरा पक्का आणला होता तो दोन रुंद पात्यांचा. तो शिटी मारत गेला आणि ठोकळ्याच्या कडेला लागला. तो मी बाजूला ठेवला. माझ्या अंगणात शिट्ट्या चालत नाहीत.

मग नवा मिटका, डबीतून काढलेला. गोल टोक बसलं होतं तिथेच बसला, आणि कातड्याला तळहाताएवढं भोक. मी म्हटलं, "अरे वा." हाडावर मारला तर अर्ध्यात अडकला आणि एक पातं वाकलं. ग्रेडी म्हणाला, "हाड सोडून मारलं तर याच्यासारखा नाही, आई. मी सांगत होतोच."

"तर मग गेल्या साली का नाही उघडला?"

ग्रेडीने खांदे उडवले. "हाडावर बसला असेल. त्यांचा हात..."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने वाक्य गिळलं.

व्हर्लिनच्या जुन्या डबीत त्याच वेळचे दोन फाळ उरले होते. तिनातला एक हरिणीबरोबर गेला. मी त्यातला एक लावला आणि नुसत्या कातड्यावर मारला, हाड बाजूला ठेवून.

ग्रेडी ठोकळ्याकडे गेला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"आई, हा उघडला नाही."

भोक पेन्सिलीएवढं होतं. त्याने बाण ओढून काढला. पाती अंगाला चिकटलेली, आणि रबर जागच्या जागी. त्याने नखाने ते ओढलं. लांब ताणलं गेलं आणि परत टपकन बसलं. "हे कंपनीचं रबर नाही. ते लगेच तुटतं. हे कसलं तरी..."

तो बोलायच्या आधीच मला कळलं होतं. माझ्या एप्रनच्या खिशात तसलीच तीन होती. त्याची मुलगी लेटी रोज सकाळी आमच्याकडून शाळेच्या बसला जाते आणि तिच्या वेण्या मी घालते. वेणीच्या टोकाला लावायची बारीक काळी रबरं. माझ्या खिशात, खिडकीत, साखरेच्या बरणीतसुद्धा सापडतात.

गेल्या सप्टेंबरात ती डबी स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. रबरं सुकून तडकली होती, पाती लटकत होती. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या जाड बोटांना हे कुठलं जमतंय. लेटीची रबरं घेतली, दोन वेढे देऊन घट्ट बसवली. दिसायला अगदी सारखी. डबीचं झाकण लावलं आणि बटाटे सोलायला बसले. विसरूनही गेले.

मी टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. ग्रेडी वाईट माणूस नाही. तो हळूच म्हणाला, "आई, मी हे ओढ्यात फेकून देतो. तुम्ही त्यांना सांगा, मिटका फाळ वाईट, पक्का लावा. संपलं. त्यांना काय कळणार?"

"दे इकडे."

"पण आई..."

"ग्रेडी, सरावाचे बाण गोळा कर आणि घरी जा. बायकोला सांग, माझा भोपळ्याचा केक गार व्हायला ठेवलाय, येऊन घेऊन जा."

खोटं नाही सांगत, तो गेल्यावर मी विचार केला. सोपं होतं. फाळाच्या माथी मारायचं आणि व्हर्लिन कदाचित रानात गेलाही असता. पण हाडावर बसला असेल, ही शंका राहिलीच असती, आणि ज्या हाताकडे वर्षभर बघत बसला तोच हात बरोबर घेऊन गेला असता. चाप ओढताना पुन्हा त्याच्याकडेच बघितलं असतं.

संध्याकाळी तो सफरचंदं सोलत बसला होता. मी फाळ त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"बोटाने पातं उघड."

डोळ्यांत औषध घातलेलं, बारीक दिसत नव्हतं. त्याने अंगठ्याने पातं ढकललं. रबर ताणलं, तुटलं नाही. पुन्हा ढकललं. मग रबरावरून बोट फिरवलं आणि थांबला.

"हे लेटीचं आहे."

"लेटीचं. लावलं मी. गेल्या साली. तिन्हींना."

सफरचंदाची साल त्याच्या हातातून लोंबत होती. ती मोडून ताटलीत पडली. मी तयारीत होते. ओरडला असता तर मीही ओरडले असते, तेवढी सवय आहे.

तो म्हणाला, "म्हणजे बरोबर बसला होता."

"चार बोटं मागे. तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली. खांदे हलत होते. मी उठून भांडी आवरायला लागले, कारण व्हर्लिनला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही. मग भांडी सोडली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्या मोडक्या खांद्यावर हात ठेवला.

"ती बिचारी," तो म्हणाला. हरिणीबद्दल.

"हो."

"आणि तू चर्चमध्ये..."

"म्हटलं मी. या नोव्हेंबरात सगळ्यांसमोर उभी राहून परत घेईन."

"तू? उभी राहून?"

"बरं, बसून. पण मोठ्याने."

तो नाकातून हसला. वर्षभरानंतर. मग त्याने डोळे पुसले. "फाळ रानात नेण्याआधी प्रत्येक पातं बोटाने उघडून बघायचं. ग्रेडीला मीच शिकवलंय. त्या दिवशी मी बघितलं नाही. डबी नीट लावलेली दिसली, तुझा हात फिरलाय हे कळलं. म्हटलं, ऑर्फाने हात लावलाय, बघायचं काय त्यात."

मी आत गेले, चर्चला घालायचा निळा शर्ट घालून आले आणि कात्री त्याच्यापुढे धरली.

"काप."

"हा चांगला आहे गं. तो जुना घाल ना."

"रीत म्हणजे रीत. तू मारला होतास नीट. चुकले मी. काप, म्हाताऱ्या, आणि तुझी ती काढून टाक भिंतीवरून."

त्याने कापली. अगदी लहान, दोन बोटांची, कड सरळ ठेवून, म्हणजे मला दुमडून शिवता येईल. आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. स्वतःची शेपूट काढायला तो तयार होईना. "मीही बघितलं नव्हतं. राहू दे." माझी तिच्या शेजारी ठोकली. बायकांची ती पहिलीच. खाली नाव त्याने लिहिलं, मला अक्षर बरं काढता येत नाही.

सीझनच्या पहिल्या सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. पन्नास वर्षांत शिकारीला कधी बसले नव्हते. गुडघ्यांना थंडी चावत होती आणि दोन तास बोलायचं नाही, हा माझ्यासारखीवर अत्याचारच. बाणाला पक्का फाळ होता, तीन पात्यांचा. दुर्बीण त्याच्यासाठी जुळवून ठेवलेली. निघायच्या आधी त्याने प्रत्येक पातं बोटाने तपासलं होतं. मग माझ्यापुढे धरून म्हणाला, "आता तू बघ." मीही बघितलं.

ऊन ओकच्या फांद्यांत आलं तेव्हा एक हरिणी आली. आधी एक दूर गेली होती, चाळीस पावलांवरून. तिला त्याने जाऊ दिलं. ही अठरा पावलांवर आडवी उभी राहिली. चाप वाजला, ती उसळली आणि झुडपांत गेली.

मी उठले. त्याने माझी बाही धरली. "अर्धा तास."

"पडली असेल आता."

"पडली असेल तर पडून राहील. बस."

अर्धा तास त्याने बाही सोडली नाही. मी हात काढून घेतला नाही.

माग शोधावा लागलाच नाही. पानांवर लाल पट्टा सरळ गेला होता, माझ्या डोळ्यांनाही दिसेल असा. मी पावलं मोजली. साठ. ती एका पडलेल्या ओंडक्यालगत होती, झोपल्यासारखी. व्हर्लिन तिच्याजवळ बसला, टोपी काढली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. मग तोच हात त्याने माझ्यापुढे धरला.

"कसा आहे?"

मी तो उलटा केला, सुलटा केला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "सुपाच्या चमच्यालाही चालेल."