तारकर्लीचा फॉर्म

मी ढुंढिराज. रामकुंडावर पस्तीस वर्षं यजमानांना दरडावत आलोय, "नाक धरा, तीन बुड्या मारा." स्वतः मात्र घोट्याच्या वर पाण्यात उतरलेलो नाही, आमची आंघोळ घरी, बादलीतून. माझी बायको इंदिरा लहानपणी त्याच गोदावरीत सूर मारायची.

चार वर्षांपूर्वी आमच्या मुलीने, यशश्रीने, आम्हाला तारकर्लीला नेलं. तिथे पाठीला नळकांडं बांधून समुद्राच्या तळाशी प्रवाळ नि मासे दाखवतात. इंदिरा आठवडाभर आधीपासून हरखली होती. मी नको म्हटल्यावर ती सहज म्हणाली, "तुम्ही बसा बोटीत. आम्ही दोघी जाऊन येतो."

जन्मभर पाण्यावर जगलेल्या माणसाने बोटीत बसायचं आणि बायकोने तळ बघून यायचं, हे मला झोंबलं. फॉर्म मीच भरत होतो. तिच्या फॉर्मवर 'रक्तदाबाचा त्रास' या ओळीपुढे मी 'हो' लिहिलं.

तिथला माणूस म्हणाला, "काकू, तुम्हाला नाही नेता येणार." इंदिराने माझ्याकडे पाहिलं. मी थाप मारली, "डॉक्टर मागेच म्हणाले होते. घाबरशील म्हणून तुला बोललो नाही."

तिने विश्वास ठेवला. यशश्री खाली गेली, इंदिरा बोटीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघत राहिली. लेक वर आल्यावर पिवळ्या पट्ट्यांचे मासे हातवारे करून सांगत होती आणि ही एकेक गोष्ट खोदून खोदून विचारत होती. मला माझीच लाज वाटली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

घरी आल्यावर तिने लोणचं-पापड सोडलं. दवाखान्यात जाऊ म्हणाली की मी म्हणायचो, "पथ्य चाललंय ना, मग कशाला?" तिथे माझं पितळ उघडं पडलं असतं.

परवा यशश्रीचा फोन आला, अंदमानला चल, तिथे समुद्राखाली उतरू म्हणून. "मला कुठलं जमतंय, बीपी आहे ना," इंदिरा म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. म्हणाली, "उद्या डॉक्टरांचा दाखला आणायचा. मी जाणार."

सकाळी पंचवटीतल्या डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकदा मोजलं, थांबून पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी. गोळ्या लिहून देत ते म्हणाले, "समुद्राचं आता विसरा. हे बरेच दिवसांचं दिसतंय. आधी कधी कळलं नव्हतं?"

इंदिराने बाही सारखी केली.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली. "ह्यांना चार वर्षांपूर्वीच कळलं होतं."