कोनाड्यातला उजेड

प्रेमदास सुट्टीवर सिंदीला आला, तेव्हा धुरपताने मनाशी ठरवलेच होते, आता पोराला परत समुद्रावर जाऊ द्यायचे नाही. वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञानाच्या मास्तराची जागा रिकामी होती. त्याने नुसते हो म्हणायचे बाकी होते. नवरा गेल्यावर तिने कापसाच्या जिनात रुई साफ करून या एकुलत्या एका पोराला नागपुरापर्यंत शिकवले. ते काय केरळातल्या कुठल्याशा जहाजावरून त्याने खोल पाण्यात जाळी सोडावी म्हणून?

"मासोळ्या धराले एवढं शिकाचं काय काम होतं रे?"

"धराले नाई माय, पाहाले. त्याइच्या आंगातून उजेड निंगते."

"काजव्यावानी?"

"तसाच. तिथं तळाशी सूर्य पोचत नाई. ज्याले त्याले आपला उजेड आपणच कराव लागते."

दारात तूर निवडत बसलेली धुरपताची थोरली जाऊ शकुबाई म्हणाली, "पाहाय बरं धुरपते! एखादी उजेडवाली नवरी घेऊन येईन हा."

प्रेमदास लाजला. मग उठून त्याने पेटीतून एक शिशी काढली. आत समुद्रातले वाळवलेले बारीक जीव होते, पिवळट, तिळाएवढे. बाहेर भर दुपार होती. त्याने दार लावले, खिडकीवर गोधडी टांगली. घरात सगळ्यात अंधारी जागा मागच्या भिंतीतला कोनाडा. चिमूटभर जीव त्याने पितळी ताटलीत चुरडले, ताटली कोनाड्यात ठेवली आणि वर पाण्याचे थेंब सोडले.

ताटलीतून निळा उजेड वर आला. ना धूर, ना ज्योत. कोनाडा भरून गेला.

शकुबाईने जमिनीला डोके टेकले. "माय माउले! आली वं परत!"

धुरपताच्या अंगावर काटा आला. त्या कोनाड्यात गेल्या दसऱ्यापर्यंत देव होते. नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर तिनेच ते फडक्यात बांधून नदीत सोडले होते. शकुबाई तेव्हा किती रडली होती!

"काहाड ते तिथून!" ती ओरडली. "म्या देव काहाडले, अन् तू शिकूनसवरून नवा आणून बसवला?"

प्रेमदासचा चेहरा पडला. "चुकलं माय. अंधार पाहून ठेवलं म्या. ध्यानातच नाई आलं." त्याने ताटली खाली घेतली. "हात कर तुहा."

त्याने तिच्या तळव्यावर चिमूट ठेवली, पाणी घातले. "रगड."

तिने भीतभीत रगडले. तळहाताच्या भेगाभेगांतून तो निळा उजेड बोटांपर्यंत पसरला. चटका बसला नाही. शकुबाईने लांबूनच नाक मुरडले. "ईऽ! मासोळीचा वास येते."

"मंग देवी नाई ते," धुरपता म्हणाली, आणि तिला हसू आले. हाताकडे पाहत तिने विचारले, "काऊन चमकते हे?"

"कोनी खाले आलं का हा जीव उजेड थुंकते. खानारा बावरते, हा पयून जाते."

"अन् ते खोल पाण्यातले?"

"कोनी जोडीदाराले बलावते, कोनी शिकारीले भुलवते, असं वाटते. बाकीच्याइचं मले माहीत नाई."

"तुह्या सायबाले असन."

"त्याइलेबी नाई. कोनालेच नाई अजून."

धुरपताने शिकलेली माणसे पुष्कळ पाहिली होती. माहीत नाही असे इतके सरळ सांगणारा तिला भेटला नव्हता. आणि सांगताना याच्या आवाजात लाज नव्हती, उलट ताटात आवडीचे काही वाढल्यासारखा आनंद होता. हातावरचा उजेड मंदावत विझेपर्यंत तिने मूठ मिटली नाही.

शकुबाईने दार उघडले. धुरपताने लुगड्याला हात पुसला.

"वर्ध्याच्या पोराइले दुसरा मास्तर भेटन," ती म्हणाली. "हे कोनालेच माहीत नाई, त कोनीतरी जाऊन पाहाले पायजे ना? जाजो तू. पन आधी पोहनं शिकून घेजो."

"जहाजावर पोहाव नाई लागत, माय."

"तरी शिकजो."