एकोणीस नळ्यांचा मानकरी

मी ऑइल कूलर बोलतोय. खोलीत वारा घालणारा तो ढब्बू कूलर नव्हे बरं का! मी गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसतो आणि इंजिनाचं तापलेलं ऑइल थंड करतो. आकाराने म्हणाल तर शाळेच्या वहीएवढा. ॲल्युमिनियमच्या एकोणीस चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये बारीक चुण्यांचा पत्रा आणि डोक्यावर ऑइल आत-बाहेर जायला दोन तोंडं. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण दोन तोंडं असताना गप्प राहायचं म्हणजे कठीणच.

कारखान्याच्या भट्टीत माझे सांधे जुळले. मग पोटात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर शिक्का मारला. तिथून मी सुट्या भागांच्या एका दुकानात आलो. माझ्या शेजारी चौतीस नळ्यांचा एक दांडगा कूलर होता. गिऱ्हाईक आलं की आधी त्यालाच हात लावायचं. मी आपला वर्षभर मागे धूळ खात पडून.

एके दिवशी दुकानात बाप-लेक आले. बाप गॅरेजवाले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. लेक, म्हणजे आमची ताई, घाटाच्या शर्यतीत गाडी चालवायची. गाडीला टर्बो बसवलेला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर गरगर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, गाडी सुसाट सुटते, पण त्याला वंगण पुरवता पुरवता बिचाऱ्या ऑइलचा जीव जातो. ताईने त्या दांडग्याकडेच बोट दाखवलं. दुकानदारानेही री ओढली, मोठा घेतला की काळजी मिटली म्हणे.

अण्णांनी खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. आदल्या रविवारी ते लेकीच्या शेजारी बसून घाट चढले होते आणि प्रत्येक वळणावर ऑइलचं तापमान टिपून घेतलं होतं. शेवटच्या वळणाला एकशे अडतीस अंश! त्यांचं म्हणणं असं, की ऑइल शंभराच्या आसपास हवं. फार तापलं तर पातळ होऊन इंजिनाच्या फिरत्या दांड्याखालच्या बेअरिंगला सांभाळत नाही, फार थंड राहिलं तर घट्ट होऊन वेळेवर पोहोचत नाही. शर्यत सात मिनिटांची. तेवढ्यात त्या दांडग्याच्या पोटात ऑइल धड गरमच होणार नाही.

"बडा घर पोकळ वासा," अण्णा म्हणाले. "आपल्याला हा पुरे." आणि त्यांनी मला उचललं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी मनात भरलो.

बसवताना पुन्हा जुंपली. ताई म्हणे रेडिएटरच्या पुढे लावू, तिथे भरपूर वारा आहे. अण्णांनी विचारलं, याने सोडलेली गरम हवा मग रेडिएटरने खायची का? शेवटी त्यांनी मला बंपरच्या मागे एका बाजूला बसवलं, वारा थेट अंगावर यावा म्हणून पत्र्याची वाट करून दिली आणि आत हवा अडकू नये म्हणून माझी तोंडं वर ठेवली. ऑइलच्या वाटेत एक थर्मोस्टॅटही लावला. ऐंशीपर्यंत तापल्याशिवाय तो ऑइलला माझ्याकडे फिरकू देत नाही. त्याचा मला सुरुवातीला राग यायचा. पण सकाळच्या गारठ्यात त्यानेच इंजिनाला जपलं, हे कबूल करायला हवं.

पहिल्या चढाईत शेवटच्या वळणाला काटा एकशे चारवर थांबला. ताई खाली उतरून माझ्यापुढे वाकली आणि म्हणाली, मूर्ती लहान पण कीर्ती महान. अण्णांनी ती चिठ्ठी पुढे आठवडाभर येईल त्याला दाखवली. माणसांचं असंच असतं. अंदाज चुकला तर नशीब, बरोबर आला तर अक्कल.

सहा वर्षं मी राबलो. चुण्यांत चिखल भरला, किडे अडकले, खडे लागून कोपरे वाकले. आधी ताई जुन्या टूथब्रशने मला साफ करायची, पुढे पुढे तेही विसरली. मी तक्रार केली नाही. काटा हलला नाही ना, मग झालं तर!

आणि एका चढाईत खालून दगड उडाला. ऑइलच्या चेंबरला भोक पडलं. ताईने क्षणात इंजिन बंद केलं, तरी ऑइलविना बेअरिंग खरवडून इंजिन कामातून गेलंच. बेअरिंगचा चुरा उरल्यासुरल्या ऑइलबरोबर माझ्या पोटात येऊन बसला.

दुसरं इंजिन शोधायला दोन वर्षं गेली. तसली इंजिनं बनवणं कधीच बंद झालं होतं. हे गेलं तर तिसरं नाही आणि ताईची शर्यतही नाही. आठ महिने खपून तिने ते स्वतःच्या हाताने बांधलं. सगळं नवं घातलं. फक्त माझ्याबाबतीत अण्णा अडून बसले. त्यांनी मला पेट्रोलने तीनदा धुतलं, हवेचा झोत मारला. शेवटचं पेट्रोल पांढऱ्या फडक्यावर ओतलं, फडकं स्वच्छ.

"अण्णा, नवा घेऊ या ना," ताई म्हणाली.

"याला काय धाड भरलीय? माझी पारख आहे ती."

ऐकून मी फुललो. पण खोटं कशाला बोलू, अकराव्या नळीत चुरा घट्ट बसला होता, हे मला ठाऊक होतं. मला परत जायचं होतं हो! तो वारा, ती वळणं, तो काटा. एक कण जरी सुटून नव्या बेअरिंगमध्ये गेला असता, तरी ताईच्या आठ महिन्यांची माती झाली असती.

दुपारचं ऊन कामाच्या बाकावर आलं, मी तापलो. अण्णांनी पाइप जोडायला मला उलटं केलं आणि मी एक कण सोडून दिला. धरून ठेवता आला असता, पण सोडला. फडक्यावर तो चमकला.

अण्णांनी चष्मा लावला. कण बोटाच्या टोकावर घेऊन पाहिला. मग हळूच म्हणाले, "हे मी तुझ्या इंजिनात घालायला निघालो होतो."

"पण घातलं नाहीत ना," ताई म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातला पाना काढून घेतला.

मला अख्खं भंगारात टाकलं असतं, तर चकाकी बघून कुणीतरी दुसऱ्या गाडीत बसवलं असतं. म्हणून अण्णांनी करवत घेतली आणि मला मधोमध कापलं. दुखलं, पण अकरावी नळी उघडी पडली.

आता मी गॅरेजच्या भिंतीवर अर्धा टांगलेला आहे, खाली अण्णांनी खडूने लिहिलंय, 'एकोणीस नळ्यांचा मानकरी'. ताईच्या गाडीत एकोणीस नळ्यांचाच नवा कूलर आहे, माझ्याच जागेवर. कुणी मेलेल्या इंजिनाचा कूलर घेऊन आलं आणि "धुऊन आणलाय" म्हणालं, की अण्णा त्याला माझ्यापाशी आणून अकरावी नळी दाखवतात आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतात. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे: आम्ही कितीही चकाकलो, तरी मेलेल्या इंजिनातून नव्यात नेऊ नका. आमचा मान त्याने कमी होत नाही. आज सकाळी ताई घाट चढून आली आणि गाडीतून उतरायच्या आधीच तिने अण्णांना ओरडून आकडा सांगितला, एकशे तीन. अण्णांनी तो खडूने भिंतीवर लिहिला, माझ्या नावाखाली.